पकड

शर्ट बदलताना तिला खुणा दिसल्या. नवऱ्याच्या डाव्या दंडावर बाहेरून चार, एकाखाली एक, आणि आतल्या मऊ कातडीवर एकच, पण रुंद. चार बोटं आणि अंगठा. परवा तिथे नुसतं लालसर दिसत होतं, काल निळसर, आणि आज शाई सांडल्यासारखं गडद. तिने न ठरवताच आपला हात त्यावर ठेवला. बोटं जागच्या जागी बसली. तिने हात असा झटकन उचलला, की अंग पुसायचा ओला कपडा खाली पडला. त्याची उजवी बाजू लुळी पडून दीड वर्ष होत आलं होतं. खुणा त्या बाजूला असत्या तर तिने स्वतःची समजूत घातली असती, की त्याला कळलंच नसेल. पण त्या धडधाकट दंडावर होत्या, माशी बसली तरी कळेल अशा दंडावर. नवरा खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याचं काही म्हणणं असलं तरी ते त्याला सांगता आलं नसतं. डोक्यातला शब्द तोंडाशी येईपर्यंत भलताच होऊन यायचा. पाणी हवं असलं की तो ‘चप्पल’ म्हणायचा आणि आपलं आपणच ऐकून चिडायचा. मुलगा दुपारच्या जेवणाला येणार होता. तिने कपाटातून पूर्ण बाह्यांचा शर्ट काढला, जाडसर, थंडीतला. बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन होतं. ती बटणं लावू लागली. बोटं एकदाही अडखळली नाहीत, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

ही बोटं तिच्या पोटापाण्याची होती. दातांच्या लॅबमध्ये ती लग्नाआधीपासून मेणाचे दात कोरत होती. छोट्या ज्योतीवर सुरी तापवायची, मेणाचा थेंब घ्यायचा, तो थंड होण्याआधी त्यातून सुळा किंवा दाढ काढायची. लॅबचा मालक म्हणायचा, केसाएवढी चूक जिभेला डोंगराएवढी लागते. तिच्या कवळीने आजवर कुणाची जीभ दुखवली नव्हती. नवऱ्याचं उलटं. तो बेकरीत भट्टीवर होता, मैद्याचं पोतं खांद्यावर टाकून जिना चढायचा आणि वर पोचल्यावर शीळ घालायचा. घरात कामांची वाटणी न बोलता होऊन गेली होती. डब्याचं झाकण, कपाट सरकवणं, गादी उलटी करणं त्याच्याकडे. सुईत दोरा, घड्याळाचा सेल, मुलाच्या पायातला काटा तिच्याकडे. ‘मुंगीचे हात आहेत हिचे,’ तो चारचौघांत म्हणायचा आणि आपल्या रुंद पंजात तिची मूठ घेऊन दाखवायचा. लोक हसायचे, तीही हसायची. त्या पंजात मूठ गेली की ती दिसेनाशी व्हायची, आणि तिला ते आवडायचं. का आवडायचं, ते तिने कधी तपासलं नव्हतं. आता शर्टाच्या कफचं बटण लावताना तोच पंजा तिच्या मांडीवर पडला होता. अजून रुंद होता, भट्टीचे चटके अजून मनगटावर पांढरे दिसत होते. तिने तो उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला. नवऱ्याने तो काढून पुन्हा स्वतःच्या मांडीवर घेतला.

या सगळ्याची सुरुवात गेल्या हिवाळ्यात झाली, तीही भर दुपारी. बाथरूमच्या दारात नवरा घसरला आणि दार व भिंत यांच्यामध्ये अडकून बसला. लागलं काहीच नव्हतं. नुसतं उचलायचं होतं. तिने काखेत हात घातले, ओढलं. तो हलला नाही. पाय रोवून, पाठ मोडेपर्यंत पुन्हा ओढलं. त्याचा शर्ट तेवढा वर आला, पोट उघडं पडलं, माणूस जागच्या जागी. ‘अहो, जरा जोर लावा ना,’ असं ती सारखी म्हणत होती, आणि तो ‘बुधवार, बुधवार’ म्हणत होता. शेवटी ती त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर बसून राहिली. जिन्यात दोन रंगारी भिंती रंगवत होते, त्यांचा रेडिओ ऐकू येत होता, पण हाक मारायला तिची जीभ रेटेना. आपल्याला कुणी असं पाहिलेलं नवऱ्याला चाललं नसतं. आणि तिला? तिला काय चाललं नसतं? किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाण्याने तिची साडी कमरेपर्यंत भिजली, आणि नवरा थंडीने कुडकुडायला लागला तेव्हा ती उठून जिन्यात गेली. रंगाऱ्यांनी त्याला पोत्यासारखा उचलून पलंगावर ठेवला. एकजण म्हणाला, ‘काकू, बोलवायचं ना आधी!’ त्यांच्या बोटांचा चुना नवऱ्याच्या शर्टाला लागला होता. नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री मुलाने फोनवर पहिल्यांदा ‘संस्था’ हा शब्द काढला. चांगली आहे, आई, अशाच आजाऱ्यांना ठेवतात, माणसं असतात उचलायला. उद्या तू एकटी असताना काही झालं म्हणजे? माणूस उचलता येत नाही, एवढ्याच कारणासाठी संसार मोडतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

लॅबच्या मागच्या गल्लीत एका तळघरात व्यायामशाळा होती. येता-जाता तिथून लोखंड आपटल्याचा आवाज यायचा. एका संध्याकाळी ती पायऱ्या उतरून आत गेली, आणि आरशात स्वतःला पाहून परत फिरणार होती, तेवढ्यात तिथल्या शिकवणाऱ्या बाईने अडवलं. सगळे तिला मास्तरीण म्हणत. तिशीतली, आखूड मानेची, एकेकाळी स्पर्धांमध्ये वजनं उचललेली. ‘काय कमी करायचंय, काकू? पोट की वजन?’ मास्तरणीने विचारलं. ‘कमी काही करायचं नाही,’ ती म्हणाली. ‘नवरा उचलायचाय.’ मास्तरीण हसली, मग हसायची थांबली. ‘किती भरतो?’ ‘पंच्याऐंशी.’ ‘आणि तुम्ही?’ ‘पन्नास.’ मास्तरणीने तिच्याभोवती एक फेरी मारली, बाजारात जनावर पाहावं तशी, आणि म्हणाली, ‘अख्खा उचलायचा नाही. बसलेला उभा करायचा आणि फिरवून ठेवायचा. होईल. पण धावणं-बिवणं सोडा. तुमचं काम एका श्वासाचं आहे. तेवढ्या श्वासात जे आहे ते सगळं काढता आलं पाहिजे.’

पहिल्या महिन्यात तिला वाटलं होतं, की हे मरण आपण पैसे देऊन विकत घेतलं. खांद्यावर दांडा घेऊन बसायचं आणि उठायचं, जमिनीवरची सळई उचलायची आणि ठेवायची. पाचव्या-सहाव्या वेळेला मांड्यांत निखारे पडत. श्वास पुरत नसे आणि पुरणारही नव्हता. मास्तरीण म्हणायची, असल्या कामात रक्त हवा घेऊन पोचेपर्यंत काम संपलेलं असतं. स्नायू घरात असेल तेवढ्या शिध्यावर निभावतो, आणि मग आंबतो. घरी जिना उतरताना ती कठडा धरून आडवी उतरायची. आणि तरीही दोनेक महिन्यांत सळईवरच्या वजनाच्या चकत्या दुप्पट झाल्या. तिने आरशात दंड पाहिला. होता तसाच, काडीसारखा. ‘मांस तर चढलं नाही,’ ती म्हणाली, ‘मग हे उचलतंय कोण?’ मास्तरीण खूश झाली. ‘मांस मागाहून येतं, सावकाश. आधी शिकतात त्या नसा. असं बघा, स्नायूत धाग्यांच्या जुड्या असतात. एकेका जुडीला एकेक नस हाक मारते. सवय नसली की चार-दोन जुड्या उठतात, बाकीच्या झोपून राहतात. तुमच्यात जोर होताच, काकू. त्याला कुणी हाक मारली नव्हती. आता नसा सगळ्यांना एकदम उठवायला लागल्यात.’ तिने पाण्याचा घोट घेतला. ‘आणि दुसरं, ब्रेक असतो. स्नायू हाडाला चिकटतो ना, त्या दोरीत. जास्त ताण आला की तो सांगतो, बस, सोड. नवख्याचा ब्रेक लवकर लागतो. सराव झाला की सैल पडतो.’

तुमच्यात जोर होताच. हे वाक्य तिच्या डोक्यात शिरलं ते निघालं नाही. लॅबमध्ये दाढेचे उंचवटे कोरताना, भाजी निवडताना ते परत परत यायचं. होताच, तर मग इतकी वर्षं तो कुठे होता? डब्याचं झाकण तिने नवऱ्याकडे सरकवलं, तेव्हा तिच्या हातातल्या किती जुड्या झोपेत होत्या? एक जुनी दुपार आठवली. मुलगा लहान असताना पलंगाच्या फटीत त्याचं डोकं अडकलं होतं, आणि तिने तो लाकडी पलंग एका बाजूने उचलला होता. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, ‘चल, काहीतरीच. तू आणि पलंग?’ त्याने पलंग उचलून पाहिला, त्याला जड गेला, आणि दोघंही हसली. त्यानंतर तिला स्वतःलाच ते खरं वाटेनासं झालं होतं. आता या आठवणीने तिच्या मानेखाली काहीतरी ताठ व्हायचं. हा राग होता असं म्हणता येणार नाही. रागाला कुणीतरी समोर लागतं. समोर जो होता त्याच्या ओठांच्या कडेने लाळ गळत होती आणि ती तिनेच पुसायची होती.

लॅबमध्ये एक दिवस मेणाचा सुळा तिच्या चिमटीत चपटा झाला. तिने दुसरा केला, तोही दबला. हात थरथरत नव्हता. दाबतोय किती याचा अंदाजच चुकत होता. मालक चष्म्यावरून पाहून म्हणाला, ‘बाई, आज दातांवर राग काढताय की काय?’ तिने हसून वेळ मारून नेली खरी, पण दिवसभर ती बोटं पोटाशी धरून बसली. घरी पेला धुताना फुटला. मास्तरणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘नव्या गाडीसारखं आहे. बसेल हात.’ नवरा मात्र आता तिला उठवता येत होता. गुडघ्यांत गुडघे अडकवायचे, कमरेला हात, एक श्वास, आणि तो उभा. पहिल्यांदा जमलं तेव्हा तिला शीळ घालावीशी वाटली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती गप्प बसली. त्याचा चेहरा रंगारी आले होते त्या दिवसासारखा झाला होता.

आणि मग तो जड व्हायला लागला. फिजिओथेरपिस्टने तिच्यासमोर तपासून सांगितलं होतं, की डावा पाय उत्तम आहे, अर्धं वजन तो सहज घेईल, त्याला घेऊ द्या. सुरुवातीला तो घ्यायचाही. पण ती जसजशी सरावत गेली तसतसा त्याने तो पाय काढून घेतला. उठायच्या वेळी अंग सोडून द्यायचा, मान खाली, नजर बाजूला. ‘अहो, पाय दाबा. दाबा की. येतो तुम्हाला.’ काही नाही. तिने आणखी चकत्या चढवल्या, तो आणखी ओझं झाला. असं वाटायचं, की या घरात दोघं मिळून रोज एकाच सळईला दोन्हीकडून धरून आहेत, आणि कुणी सोडत नाही. कधी वाटायचं, तो थकलाय, आपण उगाच मनात आणतो. मग त्याच डाव्या पायाने त्याला पलंगाखालची चप्पल अचूक पुढे ओढताना ती पाहायची.

परवा संध्याकाळी त्याने अर्ध्यात अंग सोडलं. खुर्चीतून उठून झालं होतं, पलंग हातभर लांब होता, आणि तो एकदम लोळागोळा झाला. तिची पाठ कडाडली. डाव्या हाताने त्याचा कमरपट्टा आणि उजव्या हाताने त्याचा दंड धरून तिने श्वास कोंडला. डोळ्यांपुढे काळं आलं, मांडीतली प्रत्येक जुडी ओरडत उठली, आणि तिने त्याला पलंगावर नेऊन बसवलं. बसवलं, इथपर्यंत सगळं ठीक होतं. तो बसला होता, पडायची भीती संपली होती, तिचा डावा हात सुटला होता. उजवा सुटला नाही. उलट आवळत गेला. बोटांखाली दंडाचं मांस सरकलं, त्याखाली हाड लागलं, आणि कुठूनतरी ‘बस, सोड’ असं यायला हवं होतं ते आलं नाही. किंवा आलं आणि तिने ऐकलं नाही. नवऱ्याने तोंड वर करून तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत त्याने असं सरळ पाहिलं नव्हतं. त्या नजरेत दुखणं होतं, पण नवल जास्त होतं. मग तिने सोडलं. तिने त्याला भाताचे चार घास भरवले आणि त्याने ते खाल्ले.

मुलगा आला तो घामाघूम होऊन. त्याने पिशवी ठेवली, वडिलांच्या पाया पडला, आणि उठता उठता म्हणाला, ‘आई, एवढ्या उकाड्यात फुल बाह्या घातल्यास बाबांना? शिजवतेस की काय?’ ‘पंखा आहे की,’ ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. ओट्यापाशी उभी राहून तिने बाहेरच्या आवाजांकडे कान लावले. खुर्ची सरकली. ‘थांबा, बाबा, बाही दुमडून देतो.’ कफचं बटण सुटलं असेल. आता कोपरापर्यंत. आता कोपराच्या वर. तिने गॅस बंद केला.

‘आई, जरा बाहेर ये.’ ती गेली. मुलगा बापासमोर उकिडवा बसला होता. ‘हे काय आहे?’

‘उठवताना धरावं लागतं.’

‘धरावं लागतं ते मला कळतं. ही बोटं दिसतायत, आई.’ त्याचा आवाज चिरकला. बापाकडे वळून तो हळू बोलू लागला, लहान मुलाशी बोलावं तसं. ‘बाबा, हे कशाने झालं? कुणी केलं?’

नवऱ्याचे ओठ हलू लागले. गळ्याची शीर फुगली. ‘शिडी,’ तो म्हणाला. त्याने मान जोरात हलवली. ‘शिडी. शिडी!’

‘शिडी? म्हणजे जिना का? जिन्यात पडलात?’ मुलाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की तिला त्याच्या लहानपणची आठवण झाली. ‘आई, जिन्यात पडले का बाबा?’

हो म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मुलाला हायसं वाटलं असतं, जिन्याला चार शिव्या देऊन तो जेवायला बसला असता. नवरा तिला तो जिन्याचा बहाणा देत होता की हिसकावून घेत होता, कळायला मार्ग नव्हता. तो तिच्याचकडे पाहत होता.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘जिन्यात कुठे जाणार ते. मीच केलंय. परवा त्यांनी अंग सोडलं म्हणून धरलं, तिथवर बरोबर होतं. मग पलंगावर बसवून झालं तरी मी सोडलं नाही. आवळलं.’

‘आवळलं म्हणजे?’

‘म्हणजे आवळलं. हाताने.’

मुलगा उठून उभा राहिला. खोलीत दोन पावलं टाकली, परत आला. ‘बघ, आई, मी तुला बोल लावत नाही. माणूस आहेस तू, थकतेस. म्हणूनच म्हणतोय ना इतके दिवस. तिथे शिकलेली माणसं असतात. मी आजच फोन करतो. तुझं वय आहे का हे सगळं करायचं?’

‘मला कसलं विचारतोस? त्यांना विचार.’

‘त्यांना काय विचारू? जिना, शिडी, बुधवार, असंच बोलणार ते.’

‘मग तू गप्प बस जरा,’ ती म्हणाली. इतक्या कोरड्या आवाजात ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. तिने स्टूल ओढलं आणि नवऱ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ‘अहो,’ एवढंच ती म्हणाली, आणि उजवा हात पुढे केला, तोच, मेण कोरायचा.

नवऱ्याने त्या हाताकडे पाहिलं. मग आपला डावा पंजा उचलून त्याने तिचं मनगट धरलं. आधी नुसतं धरलं. मग बोटं आत रुतली. एका बाजूने सावकाश दार लोटत न्यावं तशी ती पकड वाढत गेली, आणि तिला नवल वाटलं, की एवढं अजून आहे यांच्यात. मनगटाच्या दोन हाडांमध्ये काहीतरी कडक सरकलं. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग बधिर. याच बोटांनी उद्या दाढ कोरायची होती. मनगट अंगठ्याच्या बाजूला पिळलं की कुठलीही पकड सुटते, मास्तरणीने दाखवलं होतं, आणि तिला ते आता डोळे मिटून आलं असतं. तिचा दंड तर सुटायला तयारच होता, कातडीखाली ताठ होऊन वाट पाहत होता. तिने तो सैल सोडला. ‘बाबा! अहो बाबा, सोडा तिला!’ मुलगा पुढे झाला. तिने दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला होता, दात दातांवर बसले होते, आणि तो तिच्याकडे पाहत होता, तळघरात शेवटची सळई उचलताना माणसं समोरच्या भिंतीकडे पाहतात तसा. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते दुखण्याने आलं, दुसऱ्या कशाने नाही. मग त्याचा हात थरथरू लागला. ती थरथर तिला चांगली माहीत होती. आतला शिधा संपला की येते ती. बोटं एकेक करून उघडली.

तिने मनगट मांडीवर घेतलं. त्यावरही बोटं उठली होती, अजून पांढरी, कडेने लाल होत चाललेली. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याचे दोन्ही हात लोंबत होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

‘झालं?’ तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने श्वास सोडला.

‘मग चला. जेवायला बसायचंय.’ तिने गुडघे त्याच्या गुडघ्यांत अडकवले, कमरेमागे हात नेला, आणि श्वास कोंडला, पूर्ण, सगळ्या ओझ्याच्या तयारीने. उठताना तिचा तोल मागे गेला, इतका तो हलका आला. त्याचा डावा पाय जमिनीवर पक्का रोवलेला होता, टाचेसकट. ती क्षणभर तशीच त्याला धरून उभी राहिली, आणि आपला जोर, होता तो जास्तीचा, थोडा थोडा काढून घेऊ लागली. किती काढला तर चालेल ते त्याच्या वजनाकडून समजून घेत.